परसातील नर बदकांचा आक्रमकपणा : कळप कसा सांभाळावा?

काठावरचा (धागाकर्ता) :
परसात बदके पाळणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्याकडे तीन नर, चार माद्या आणि त्याच आवारात मोकळ्या फिरणाऱ्या काही कोंबड्या आहेत. सगळी बदके पिल्ले असताना एकत्रच आणली होती आणि वाढत्या वयात त्यांच्यात कसलीही कुरबुर नव्हती. दिवस मोठा होऊ लागला तसे मात्र चित्र पालटले. नर दिवसभर माद्यांच्या मागे लागलेले असतात, आणि एकाने मादीला धरले की उरलेले दोघेही तिथे धावून जातात.

एका मादीच्या मानेमागची पिसे जवळजवळ गेली आहेत. उरलेल्या पिसांचे नुसते खुंट दिसतात, त्यांच्यामधली कातडी लालसर झाली आहे आणि एका जागी वाळलेल्या रक्ताची खपली धरली आहे. सकाळी खुराड्याचे दार उघडले तरी ती बाहेर येत नाही, आणि आलीच तर दाण्याकडे न जाता झुडपाखाली शिरते. भरीस भर म्हणजे तिघांपैकी एक नर आता माणसांवरही धावून येतो. यातले नैसर्गिक किती आणि काळजीचे किती, आणि सुरुवात कुठून करावी?

पाणकणीस :
आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपण सांगितलेल्या आकड्यांतच आहे. चार माद्यांमागे तीन नर हे प्रमाण कुठल्याच जातीला झेपणारे नाही. एका नरामागे निदान चार ते सहा माद्या असाव्यात असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि खाकी कॅम्पबेल किंवा इंडियन रनर यांसारख्या हलक्या, चपळ जातींत माद्यांची संख्या या मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवलेली बरी. आपल्याकडे एका मादीच्या वाट्याला जवळपास एक नर येतो. तशात सगळे नर एकीलाच लक्ष्य करतात, आणि ती बहुधा सर्वांत गरीब किंवा आधीच अशक्त झालेली मादी असते.

ही त्या नरांच्या स्वभावातली खोट नव्हे. मस्कोव्ही वगळता पाळीव बदकांच्या सगळ्या जाती मॅलार्ड या रानबदकापासून आलेल्या आहेत. मॅलार्डची जोडी हंगामापुरती जमते, आणि मादी अंड्यांवर बसली की नर तिला सोडून निघून जातो. ज्यांना जोडीदारीण मिळालेली नसते ते नर, आणि पुष्कळदा जोडी जमलेले नरही, दुसऱ्यांच्या माद्यांवर टोळीने बळजबरी करतात, हे पक्षिनिरीक्षकांनी वारंवार नोंदवलेले आहे. बदकांच्या शरीररचनेतही या संघर्षाच्या खुणा आढळतात. जीवशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्या पाणपक्ष्यांत बळजबरीचे समागम अधिक होतात त्यांच्या नरांचे जननेंद्रिय अधिक लांब असते, आणि माद्यांच्या जननमार्गात त्याच्या पिळाच्या उलट दिशेने वळणारी वळणे आणि पुढे बंद असलेले कप्पे असतात. रानातल्या मादीला याशिवाय उडून जाण्याची आणि दडून बसण्याची सोय असते. परसातल्या मादीभोवती कुंपण असते, आणि बहुतेक पाळीव जातींना धड उडताही येत नाही. म्हणजे नराची वृत्ती रानातली राहिली आणि मादीची पळवाट तेवढी आपण काढून घेतली.

तेव्हा सुरुवात संख्येपासून करावी. चार माद्यांसाठी एकच नर ठेवावा, आणि पिल्ले नको असतील तर एकही ठेवू नये. मादी नराशिवाय तितकीच अंडी घालते. नर लागतो तो फक्त फलित अंड्यांसाठी. पुष्कळ जण अंड्यांसाठी नर हवाच या समजुतीने त्याला सांभाळत बसतात.

कोणता नर ठेवावा हे ठरवताना देखणेपणा किंवा आकार पाहू नये. मादीने पाठ फिरवल्यावर जो थांबतो, दाण्यावर तिला जागा देतो आणि माणसे आली की बाजूला सरतो, तो ठेवावा. नर मादीपेक्षा फारच वजनदार असेल तर तिच्या पायांना आणि कमरेला इजा होण्याचा धोका राहतो, म्हणून हलक्या माद्यांमध्ये पेकिनसारख्या भारी जातीचा नर सोडू नये.

खुराडेवाला :
वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मात्र कोंबड्यांचा मुद्दा मागे पडू नये, कारण तो सर्वांत तातडीचा आहे. कोंबड्याला बदकासारखे बाहेर येणारे जननेंद्रिय नसते. कोंबडा आणि कोंबडी यांचा समागम केवळ गुदद्वाराच्या क्षणिक स्पर्शाने होतो. नर बदकाचे जननेंद्रिय लांब आणि मळसूत्रासारखे पिळाचे असते, आणि कोंबडीचे शरीर त्यासाठी घडलेलेच नाही. माद्या कमी पडल्या की नर बदके कोंबड्यांवर चढतात, आणि त्यातून होणारी आतली इजा बाहेरून दिसत नाही. कोंबडी मलूल होते, कोपऱ्यात बसून राहते आणि बऱ्याचदा दगावते. नरांचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल, पण कोंबड्या आणि नर बदके यांच्यामध्ये आजच जाळी उभी करावी.

काठावरचा :
दोघांचेही मनापासून आभार. कोंबड्या लगेच वेगळ्या करतो. आणखी दोन शंका आहेत. नर आणि मादी समोरासमोर येऊन डोके जोरजोरात वरखाली करतात. ही भांडणाची सुरुवात समजावी काय? दुसरे असे की, पोहण्याच्या टाकीत हे प्रकार अधिक होतात. मग टाकी काही काळ रिकामीच ठेवावी काय?

शेवाळ :
डोके वरखाली करणे हे भांडण नसून प्रणयाराधन आहे, आणि त्यात दोघेही भाग घेत असतील तर काळजीचे कारण नाही. राजी असलेली मादी पाण्यावर अंग चपटे करते, मान पुढे पसरते आणि स्थिर राहते. नर तिच्या मानेची पिसे चोचीत धरून वर चढतो, काही क्षणांत उतरतो, आणि त्यानंतर मादी पंख फडफडवून यथेच्छ आंघोळ करते. हे दृश्य नवख्याला दांडगाईचे वाटते, तरी ते तसे नसते.

मादी नापसंती कशी दाखवते हेही पाहण्यासारखे आहे. ती आपल्या पसंतीच्या नराच्या बाजूने चालत राहते आणि नकोशा नराच्या दिशेने खांद्यावरून मान पुन्हापुन्हा वळवत एकसारखी कुरकुरते. ही खूण सतत दिसू लागली, की कोणता नर कळपाला जड होतो आहे ते मादीच आपल्याला सांगत आहे असे समजावे. ती ओरडत पळते, लपते, तिला पकडल्यावर आणखी नर येऊन मिळतात, किंवा उतरल्यानंतरही नर तिला चोचीने ओढत राहतो, तेव्हा मात्र हस्तक्षेप करावा.

माद्याही एकमेकींवर चढतात. तो मानापमानाचा भाग असतो, तिकडे लक्ष देऊ नये.

टाकीबद्दल माझे मत वेगळे आहे. पाण्यातील समागम बदकांना सहज आणि मादीसाठी उलट सुखाचा असतो, कारण नराचे बरेचसे वजन पाणी पेलते. धोका पाण्याचा नसून एकाच वेळी अनेक नर पाण्यात असण्याचा आहे. दोन-तीन नरांनी एका मादीला धरले तर तिचे डोके पाण्याखाली राहते, आणि बदक असले तरी ते बुडून मरू शकते. म्हणून नरांची संख्या आटोक्यात येईपर्यंत पाणी उथळ ठेवावे, बाहेर पडायला एकापेक्षा अधिक उतार ठेवावेत, आणि सगळा कळप आपल्या नजरेआड पाण्यात सोडू नये. पाणी पूर्ण बंद करणे मात्र योग्य नाही. डोळे आणि नाकपुड्या स्वच्छ राहण्यासाठी बदकाला निदान डोके बुडेल इतके खोल पाणी रोज मिळालेच पाहिजे.

आणखी एक बाब. दिवसाची लांबी वाढते तशी नरांच्या शरीरात संप्रेरके वाढतात, वृषणे कित्येक पटींनी मोठी होतात, आणि विणीचा हंगाम सरून पिसे झडू लागली की सगळे पुन्हा ओसरते. अधिक अंड्यांच्या आशेने खुराड्यात रात्री दिवा लावत असाल तर तो बंद करावा, कारण त्या उजेडाने मादीबरोबर नराचाही हंगाम लांबतो. पहिल्याच हंगामातले तरुण नर सर्वांत अनावर असतात. दुसऱ्या वर्षी त्यांतले बरेचसे निवळतात. तरीही निवळण्याची वाट पाहत जखमी मादीला त्यांच्यात ठेवणे समर्थनीय नाही.

पायवाट :
एवढा शास्त्रार्थ कशासाठी, हे मला समजले नाही. नराला काठीचे दोन तडाखे दिले की तो सुधारतो, आणि नाहीच सुधारला तर त्याला कापावा. पूर्वापार असेच चालत आले आहे.

पाणकणीस :
आपल्या म्हणण्याचे दोन भाग आहेत आणि त्यांना एकच उत्तर देता येणार नाही. जास्तीचे नर मांसासाठी वापरणे यात गैर काहीच नाही. अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात, त्या सर्वांना आयुष्यभर सांभाळणारी घरे मिळत नाहीत, आणि माद्यांचे हाल होऊ देण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी जबाबदारीचा ठरतो. ज्यांना तो पटत नाही त्यांनी दुसरी सोय करावी, पण निर्णयच टाळू नये.

काठीचा मात्र काडीचाही उपयोग नाही. मादीच्या मागे धावणे आणि पाठीत बसलेला फटका यांची सांगड बदकाच्या डोक्यात बसत नाही. त्याला एवढेच कळते की हे माणूस हल्ला करते, आणि मग जो नर आजवर फक्त माद्यांना छळत होता तो माणसांवरही येऊ लागतो. शिवाय बदकाचे पाय फार नाजूक असतात. चुकून लागलेल्या एका फटक्याने ते कायमचे लंगडे होऊ शकते.

ओलेते अंगण :
माणसांवर धावणाऱ्या नराविषयी लिहितो, कारण तो वेगळाच विषय आहे. अशा नराची पूर्वपीठिका विचारली तर पुष्कळदा तो एकटा, माणसांच्या हातावर वाढलेला निघतो. पिल्लूपणी त्याने माणसालाच आपल्या जातीचे मानलेले असते. लहानपणी त्याचे बोटे चावणे गोड वाटते म्हणून कुणी त्याला अडवत नाही, आणि वयात आल्यावर तोच नर माणसाला प्रतिस्पर्धी किंवा चक्क मादी समजून त्याच्यावर येतो. पायावर चढून पँट चोचीत धरणारा नर रागावलेला नसतो, तो समागमाच्या प्रयत्नात असतो. मान जमिनीलगत ताणून, चोच किंचित उघडी ठेवून सरळ रेषेत येणारा नर मात्र हाकलायला आलेला असतो.

दोन्ही वेळी पळू नये, कारण पळणारा हरला असाच अर्थ तो घेतो, आणि लाथही मारू नये. जागेवर उभे राहावे, बादलीचे झाकण किंवा एखादी रुंद फळी आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी आणि सावकाश त्याच्याच दिशेने चालावे. तरीही तो मागे हटत नसेल तर त्याला दोन्ही हातांनी पंखांसकट धरून काखेत घ्यावे, पायांना खालून आधार द्यावा, आणि त्याची धडपड थांबून अंग सैल पडेपर्यंत तसेच धरून ठेवावे. तो शांत झाल्यावरच खाली ठेवावे. धडपडत असताना सोडले तर धडपडल्यावर सुटका होते एवढेच तो शिकतो. मान किंवा एकच पंख धरून उचलू नये. हे घरातल्या सर्व मोठ्या माणसांनी सारख्याच पद्धतीने केले पाहिजे, नाही तर तो एकाला मानतो आणि बाकीच्यांवर जातो.

हंगामात त्याला हातातून खाऊ घालणे थांबवावे. लहान मुलांना त्याच्या आवारात एकटे सोडू नये, कारण मुलाचा चेहरा चोचीच्या उंचीवर असतो. मस्कोव्ही नर असेल तर अधिक जपावे. त्याच्या पायांची नखे चांगलीच तीक्ष्ण असतात, पंखाचा फटका जोरदार असतो, आणि नर मस्कोव्ही मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा भरतो.

चिखलपाय :
जखमी मादीकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. तिला प्रथम वेगळी करावी, पण एकटी ठेवू नये. एकटे बदक खाणेपिणे सोडते, म्हणून तिच्यासोबत एखादी शांत मादी द्यावी. जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुवावी, पिसांत अडकलेला चिखल भिजवून काढावा, ओढून काढू नये, आणि त्यानंतर पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. बधिर करणारे घटक असलेली माणसांची मलमे पक्ष्यांना घातक ठरू शकतात, ती पशुवैद्याला विचारल्याशिवाय लावू नयेत. उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात, आणि उष्ण हवेत दिवसभरातच अळ्या होऊ शकतात, म्हणून जखम सकाळ-संध्याकाळ पिसे बाजूला करून पाहावी. डोळ्याला चोच लागलेली असेल, मादी लंगडत असेल, किंवा मागच्या बाजूने मांसल भाग बाहेर आलेला दिसत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

मुळापासून उपटलेली पिसे काही आठवड्यांत पुन्हा येतात. मधूनच तुटलेल्या पिसाचा खुंट मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे आपल्या मादीची मान बराच काळ उघडी दिसली तर जखम बरी झालेली नाही असे समजू नये. कोंबड्यांच्या पाठीवर बांधतात तसे कापडी कवच बदकांना बांधू नये. बदकाची मान त्याने झाकली जात नाही, आणि पाण्यात ते कापड भिजून अंगाला चिकटते.

एक गोष्ट नरांविषयीही. वारंवार समागम करणाऱ्या नराचे जननेंद्रिय कधीकधी आत परत जात नाही आणि शेपटीखाली लोंबत राहते. ते सुकले तर निकामी होते. अशा नराला लगेच माद्यांपासून दूर करावे, तो भाग स्वच्छ आणि ओला ठेवावा, आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

काठावरचा :
आपल्या सर्वांच्या सल्ल्यानुसार कोंबड्या वेगळ्या केल्या आहेत आणि जखमी मादीला एका सोबतिणीसह जाळीपलीकडे ठेवले आहे. ती आता खाते आहे. दोन नर कमी करण्याचे ठरले आहे, पण त्यांना कापण्याचे मन होत नाही. तिन्ही नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना मारतील काय? आणि निवडलेल्या नराला माद्यांमध्ये परत केव्हा सोडावे?

शेवाळ :
नरांचा वेगळा कळप हा पुष्कळ ठिकाणी यशस्वी होणारा उपाय आहे. माद्या दिसत नाहीत आणि शक्यतो ऐकूही येत नाहीत अशा जागी ठेवले तर नर आपसांत आश्चर्य वाटावे इतके शांत राहतात, कारण भांडायला कारणच उरत नाही. सुरुवातीला छातीला छाती लावून, एकमेकांच्या छातीची पिसे धरून, पंखांनी मारामारी होईल. कोण वरचढ हे ठरले की ती आपोआप थांबते. रक्त निघाले, किंवा एकाला दाण्यापाण्याजवळ फिरकूच दिले जात नसेल, तरच सोडवावे. खाण्यापिण्याची भांडी एकमेकांपासून दूर अशा दोन ठिकाणी ठेवावीत, आणि जागेत एखादा आडोसा असा उभा करावा की ज्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडता येईल. एकाच तोंडाचा कोपरा हा कमकुवत पक्ष्यासाठी सापळा ठरतो. माद्यांच्या आवारातही हाच नियम पाळावा.

हे करण्याआधी तिघेही खरोखर नर आहेत याची खात्री करून घ्यावी. शेपटीवरचे वळलेले पीस ही ओळख पीसझडीच्या काळात नाहीशी होते, आणि मस्कोव्हीत तर ते पीस मुळात नसतेच. मस्कोव्ही सोडून इतर जातींत आवाज अधिक भरवशाचा असतो : मोठ्याने, स्पष्ट ओरडते ती मादी, आणि घसा बसल्यासारखा खरखरीत, दबका आवाज काढतो तो नर.

पाणकणीस :
निवडलेल्या नराला परत सोडण्याची घाई करू नये. जखमी मादीची कातडी पूर्ण भरून येईपर्यंत त्याला जाळीपलीकडे ठेवावे. माद्या त्याला दिसत राहिल्या तरी हरकत नाही. पुढे प्रथम दिवसातून थोडा वेळ, आपण तिथे असताना, सर्व माद्यांमध्ये एकदमच सोडावे, एकटीमध्ये नव्हे. पूर्वी छळल्या गेलेल्या त्याच मादीच्या मागे तो पुन्हा लागला तर परत जाळीपलीकडे न्यावे आणि हंगाम ओसरेपर्यंत तिथेच राहू द्यावे. रात्री खुराड्यात त्याला माद्यांबरोबर कोंडू नये. बंद, अरुंद जागेत पहाटेच्या वेळी सर्वाधिक इजा होते आणि ती आपल्याला सकाळी दार उघडल्यावरच कळते.

काठावरचा :
समजले. नर वेगळे केल्यानंतरची अंडी उबवणीला चालतील काय, एवढेच विचारायचे राहिले.

पाणकणीस :
शेवटच्या समागमानंतर साधारण एक ते दोन आठवडे मादी फलित अंडी देऊ शकते, पण फलित अंड्यांचे प्रमाण दिवसागणिक घटत जाते, म्हणून उबवायची असल्यास पहिल्या आठवड्यातलीच निवडावीत. मॅलार्डपासून आलेल्या जातींना २८ दिवस लागतात आणि मस्कोव्हीला सुमारे ३५. अर्थात त्या पिल्लांतही निम्मे नर निघतील, तेव्हा त्यांची सोय काय करणार हे अंडी मांडण्यापूर्वीच ठरवून ठेवा.